शाळा राज्याची, शिधा घरचा: स्पार्टा आणि अथेन्समधले शिक्षण

प्रश्न असा आहे: स्पार्टात मुलांना फक्त लढायला शिकवत आणि अथेन्समध्ये सगळ्यांना लिहायला-वाचायला, हे पाठ्यपुस्तकी उत्तर बरोबर मानायचे का? दोन्हीकडे मूल जन्मल्यापासून नागरिक होईपर्यंत नेमके काय होई आणि त्याचा समाजावर काय परिणाम झाला?

पाठ्यपुस्तकी उत्तर अर्धेच खरे आहे. स्पार्टातली मुले कविता पाठ करत, समूहगान आणि नाच शिकत. अथेन्समध्ये शाळेची फी बापाच्या खिशातून जाई आणि ज्याला परवडे त्याचाच मुलगा जास्त शिके. या दोन नगरराज्यांतला फरक समजून घ्यायचा तर अभ्यासक्रमाच्या आधी खर्च बघावा: कशाचा भार राज्य उचलते आणि कशाचा घर. स्पार्टाने मुलाचे शिक्षण राज्याच्या हाती घेतले, पण मोठेपणी नागरिक म्हणून टिकायला दर महिन्याचा शिधा स्वतःच्या शेतातून भरावा लागे. अथेन्सने शिक्षण घरावर सोडले, पण लोकशाहीच्या काळात गरिबीमुळे कुणाचे नागरिकत्व जाऊ दिले नाही. इ.स.पू. चौथ्या शतकात स्पार्टाचे जे झाले त्याचे मूळ बऱ्याच अंशी या हिशोबात आहे.

आधी साधनांबद्दल, कारण बहुतेक चुका तिथेच होतात. स्पार्टाच्या शिक्षणाची जी सविस्तर वर्णने आज हाती आहेत ती बाहेरच्यांनी लिहिलेली आहेत. झेनोफन हा अथेन्सचा, इ.स.पू. चौथ्या शतकाच्या पूर्वार्धातला, स्पार्टाचा राजा अगेसिलाउस याचा स्नेही. त्याने स्पार्टाची व्यवस्था स्वतः पाहिली, पण ती इतर ग्रीकांपुढे आदर्श म्हणून मांडायची हा त्याचा हेतू उघड आहे. प्लुटार्क इ.स. १०० च्या आसपासचा, म्हणजे झेनोफननंतर चार शतकांहून जास्त काळाने लिहिणारा. मधल्या काळात स्पार्टाचे शिक्षण बंद पडले, राजा तिसरा क्लेओमेनीस याने इ.स.पू. २२७ च्या सुमारास ते पुन्हा उभे केले, इ.स.पू. १८८ मध्ये अखाइयाचा सेनापती फिलोपोइमेन याने ते मोडले, आणि रोमच्या छायेत ते पुन्हा सुरू झाले. प्लुटार्कच्या डोळ्यांपुढे होते ते हे रोमकालीन रूप. 'अगोगे' हा शब्दसुद्धा या शिक्षणाला नंतरच्या काळात चिकटला. झेनोफन नुसते 'पैदेइया', म्हणजे शिक्षण, म्हणतो. म्हणून कोल्ह्याचे पिल्लू कपड्याखाली लपवून पोट फाटेपर्यंत गप्प राहणाऱ्या मुलाची गोष्ट प्लुटार्ककडची आहे हे लक्षात ठेवून वाचावी, इ.स.पू. पाचव्या शतकातला पुरावा म्हणून नाही.

अशक्त बाळे दरीत टाकण्याचेही तसेच. प्लुटार्क सांगतो की नवजात मूल टोळीतल्या वडीलधाऱ्यांपुढे नेत, आणि ते दुबळे निघाले तर टेगेटस डोंगरापाशी 'अपोथेताय' नावाच्या खोल जागी पाठवत. दुसऱ्या कुठल्या जुन्या लेखकाकडून याला आधार मिळत नाही. त्या डोंगरातल्या कैआदास नावाच्या कपारीत जी हाडे सापडली ती किशोरवयीन आणि प्रौढ माणसांची निघाली. शिवाय नको असलेले मूल उघड्यावर सोडून देणे ही प्रथा अथेन्ससह साऱ्या ग्रीक जगात होती. फरक एवढाच, की अथेन्समध्ये तो निर्णय बाप एकटा घेई. मूल ठेवायचे ठरले की पाचव्या किंवा सातव्या दिवशी त्याला घेऊन घरच्या चुलीभोवती धावत फेरा घालत आणि दहाव्या दिवशी बारसे होई. मुलगा झाला तर दारावर ऑलिव्हच्या डहाळ्यांची माळ, मुलगी झाली तर लोकर लावत.

स्पार्टाच्या दाया बाळाला कपड्यात घट्ट बांधून ठेवत नसत, अंधाराला आणि एकटेपणाला न भिण्याची सवय लावत, खाण्यापिण्याचे लाड करत नसत. ही पद्धत इतकी नावाजलेली होती की बाहेरचे लोक तिकडच्या दाया आणत. अथेन्सचा पुढारी अल्किबियाडीस ज्या दाईच्या हाताखाली वाढला ती अमिक्ला स्पार्टाकडचीच होती. दोन्ही शहरे एकमेकांची शत्रू असली तरी मुले वाढवण्याच्या बाबतीत एकमेकांकडे बारकाईने बघत होती, हे पुढेही दिसेल.

सातव्या वर्षी वाटा वेगळ्या होतात. स्पार्टात मुलगा घर सोडून आपल्या वयाच्या मुलांच्या जथ्यात जाई. त्या सगळ्यांवर 'पैदोनोमोस' नावाचा अधिकारी असे, आणि तो मोठी पदे भूषवण्याच्या लायकीच्या नागरिकांतून नेमलेला असे. त्याच्या हाताखाली चाबूकधारी तरुण. झेनोफन यावर मुद्दाम बोट ठेवतो: इतर ग्रीक आपली मुले गुलामाच्या देखरेखीखाली देतात, इथे देखरेख राज्यातला मानाचा माणूस करतो. पैदोनोमोस जवळ नसेल तर तिथे हजर असलेला कुठलाही नागरिक मुलाला हुकूम देऊ शके आणि शिक्षाही करू शके. राजगादीचा वारस मात्र या शिक्षणातून मोकळा असे. अगेसिलाउस धाकटा असल्याने यातून गेला आणि पुढे योगायोगाने राजा झाला.

दिनक्रमातल्या प्रत्येक कडक गोष्टीला कारण दिलेले आहे आणि ते कारण लष्करी मोहिमेतले आहे. पायांत काही नाही: अनवाणी मुलगा चढ-उतार आणि उड्या अधिक सफाईने करतो. वर्षभर एकच अंगवस्त्र: थंडी आणि ऊन दोन्ही सोसायची सवय. झोपायला एउरोतास नदीकाठच्या वेतांचा बिछाना, आणि ते वेत सुरी न वापरता हाताने मोडून आणायचे. जेवण पोट भरणार नाही इतकेच, कारण मोहिमेवर उपाशीपोटी काम करावे लागते. भूक असह्य झाली तर चोरून आणण्याची मुभा. पकडला गेला तर फटके बसत, आणि हे फटके चोरीबद्दल नसून नीट चोरता आले नाही याबद्दल असत. यामागचा विचार झेनोफन उलगडून सांगतो: ज्याला चोरी साधायची त्याला रात्रभर जागावे लागते, दिवसा दबा धरावा लागतो, टेहळणीला साथीदार नेमावे लागतात. म्हणजे ही सगळी छापा घालण्याची तालीम.

पण संध्याकाळच्या जेवणानंतर काय होई तेही बघा. वीस वर्षांचा 'इरेन', म्हणजे जथ्याचा म्होरक्या, एखाद्या मुलाला गाणे म्हणायला सांगे, दुसऱ्याला विचारी: गावात सगळ्यांत चांगला माणूस कोण? अमक्याच्या वागण्याबद्दल तुझे मत काय? उत्तर कारणासह आणि मोजक्या शब्दांत द्यायचे. उत्तर लांबले किंवा निरर्थक असले तर इरेन त्याच्या अंगठ्याला चावा घेई. स्पार्टनांचे तुटक, नेमके बोलणे जगात गाजले ते असे रोजच्या सरावातून आले. हेही शिक्षणच आहे, आणि त्यात माणसे पारखणे हा विषय आहे.

अक्षरे 'गरजेपुरती' शिकवत, असे प्लुटार्क म्हणतो. गरज म्हणजे एफोरांचे, म्हणजे दरवर्षी निवडल्या जाणाऱ्या पाच बड्या अधिकाऱ्यांचे, लेखी हुकूम वाचणे, सेनापतीला खलिता पाठवणे. गाण्याला मात्र फार मोठे स्थान होते. तिर्तेउसच्या इ.स.पू. सातव्या शतकातल्या युद्धकविता मुखोद्गत असत. अल्कमान या कवीने मुलींच्या वृंदासाठी गीते रचली. यातला उपयोग इ.स.पू. ४१८ मध्ये मांतिनेइयाच्या लढाईत दिसतो. आर्गोस आणि त्याचे मित्र आवेशाने धावत आले, स्पार्टाची फौज बासरीसारख्या 'औलोस' वाद्यांच्या तालावर सावकाश पुढे सरकली. इतिहासकार थुसिडिडीस कारणही देतो: हा धर्मविधी नव्हता, पावले एका लयीत पडावीत आणि ओळ तुटू नये म्हणून ही वाद्ये. ढालींची भिंत करून लढणाऱ्या पायदळात ओळीला पडलेली एक फट पुरी फळी कोसळवू शकते. लहानपणापासून वृंदात नाचलेल्या माणसाला लय सांभाळायला वेगळे शिकावे लागत नाही.

आता शिध्याकडे येऊ, कारण माझ्या मते स्पार्टाचा खरा सांधा इथे आहे. विसाव्या वर्षाच्या सुमारास तरुणाला एखाद्या पंगतीत जागा मिळवावी लागे. अशा पंगतीला 'सिसिशिया' किंवा स्पार्टाच्या बोलीत 'फिदितिया' म्हणत. एका पंगतीत साधारण पंधरा जण. नव्याला घ्यायचे की नाही याचे मतदान विलक्षण होते. वाढपी डोक्यावर भांडे घेऊन सगळ्यांसमोरून जाई आणि प्रत्येक जण भाकरीच्या मऊ भागाची गोळी करून न बोलता त्यात टाकी. होकार असेल तर गोळी तशीच, नकार असेल तर बोटांनी दाबून चपटी केलेली. भांड्यात एक जरी चपटी गोळी निघाली तरी उमेदवार बाद. ज्यांच्या शेजारी बसून रोज जेवायचे आणि रणात ज्यांच्या ढालीवर आपली उजवी बाजू सोडायची त्यांच्यात एकाचाही मनातून विरोध नको, हा यामागचा तर्क.

दरमहा प्रत्येकाने भरायचा शिधा प्लुटार्क मोजून देतो: जवाचे पीठ एक मेदिम्नोस, द्राक्षमद्य आठ खोएस, चीज पाच मिना, अंजिरे अडीच मिना, आणि कालवणासाठी थोडेसे पैसे. स्पार्टाचे माप अथेन्सपेक्षा मोठे होते. आजच्या हिशोबात पीठ सुमारे ७५ लिटर, मद्य पस्तीस-चाळीस लिटर, चीज सुमारे ३ किलो, अंजिरे त्याच्या निम्मी. हे एका माणसाच्या पोटाला लागते त्यापेक्षा जास्त आहे. म्हणजे जमिनीच्या तुकड्यावरून घरचे खाणे, ती जमीन कसणाऱ्या हेलॉट, म्हणजे जमिनीला बांधलेल्या गुलाम, कुटुंबाचे खाणे आणि वर हा शिधा निघायला हवा. पंगतीतला प्रसिद्ध पदार्थ म्हणजे काळा रस्सा. श्रीमंत सभासद शिकारीचे मांस किंवा गव्हाची भाकरी जास्तीची देत. सगळे 'होमोइऑय', म्हणजे सारखे, म्हणवून घेत, पण पानात कुणाचे काय आले हे पंगतीला ठाऊक असे. जेवण झाल्यावर मशाल न घेता अंधारात घरी जायचे, हाही नियम.

शिधा चुकला की पंगत गेली, आणि पंगत गेली की नागरिकत्व गेले. ॲरिस्टॉटल या नियमावर नेमकी टीका करतो. क्रीटमध्ये सहभोजनाचा खर्च सार्वजनिक उत्पन्नातून होतो, स्पार्टात तो प्रत्येकाच्या डोक्यावर आहे. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला तो झेपत नाही, आणि लोकशाही वळणाची ही संस्था उलटीच ठरते. त्यात आणखी एक चूक त्याने दाखवली आहे. माणसे वाढावीत म्हणून स्पार्टात कायदा होता: तीन मुलगे असलेल्या बापाला लष्करी पहाऱ्यातून सूट, चार असलेल्याला सगळ्या देण्यांतून सूट. पण जमीन मुलांत वाटली जाते. मुलगे जास्त झाले की प्रत्येकाचा वाटा शिध्याच्या मापाखाली येतो आणि राज्याने ज्यांना वाढवले तेच पुढे नागरिकत्वाबाहेर फेकले जातात. दुसऱ्या टोकाला हुंडा आणि वारसा यांतून जमीन थोड्या घरांत साठत गेली. ॲरिस्टॉटलच्या काळी जवळजवळ दोन पंचमांश जमीन स्त्रियांच्या नावावर होती.

फेकले गेलेले लोक कुठे गेले? ते तिथेच होते, 'हिपोमेइओनेस', म्हणजे खालचे, या नावाने. इ.स.पू. चौथ्या शतकाच्या तोंडाशी, अगेसिलाउस राजा होऊन वर्षही झाले नव्हते तेव्हा, किनादोन नावाच्या अशाच एका धडधाकट तरुणाचा कट उघड झाला. खबऱ्याने एफोरांना सांगितलेली हकीकत झेनोफनने नोंदवली आहे. किनादोनने त्याला बाजारपेठेच्या कडेला नेले आणि म्हणाला, इथे पूर्ण नागरिक किती दिसतात ते मोज. राजा, एफोर, ज्येष्ठमंडळ आणि बाकीचे धरून चाळीसच्या आसपास भरले. हे मोजायला का सांगितलेस, असे विचारल्यावर किनादोन म्हणाला, हे तुझे शत्रू समज, आणि बाजारातले बाकीचे चार हजारांवर लोक तुझे साथीदार. हेलॉट, मुक्त झालेले हेलॉट, खालचे आणि पेरिऑइकॉय, म्हणजे भोवतालच्या गावांतले स्वतंत्र पण स्पार्टाचे नागरिक नसलेले लोक, यांच्यापुढे स्पार्टनांचा विषय निघाला की त्यांना कच्चे खावेसे वाटते हे कुणी लपवू शकत नाही, असेही तो म्हणाल्याचे नोंदले आहे. एफोरांनी त्याला पकडून चाबकाने मारत शहरभर फिरवले. का केलेस, या प्रश्नाला त्याचे उत्तर होते: लाकेदेमोनमध्ये, म्हणजे स्पार्टाच्या राज्यात, कुणापेक्षा कमी राहू नये म्हणून.

हे सगळे उभे होते हेलॉटांच्या श्रमांवर. लाकोनियात आणि इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकांत जिंकलेल्या मेसेनियात शेती तेच कसत. प्लातेआच्या लढाईला, इ.स.पू. ४७९ मध्ये, ५,००० स्पार्टन गेले तेव्हा इतिहासकार हिरोडोटसच्या आकड्यांनुसार प्रत्येकामागे सात हेलॉट होते. एफोर दरवर्षी पद घेताच हेलॉटांविरुद्ध युद्ध जाहीर करत, म्हणजे त्यांना मारले तरी पाप लागू नये. निवडक तरुणांना 'क्रिप्तेइया' म्हणून सुरी आणि थोडी शिदोरी देऊन रानात पाठवत. ते दिवसा लपत आणि रात्री हाती लागलेल्या हेलॉटांना ठार करत. स्पार्टाच्या शिस्तीचे कौतुक करताना ही बाजू गाळणे मला अक्षम्य वाटते. ती शिस्त मुख्यतः घरातल्या शत्रूसाठी होती.

अथेन्सकडे वळू. इथे शाळा म्हणजे एखाद्या शिक्षकाचे घर किंवा भाड्याची खोली. साधारण सातव्या वर्षी मुलगा जाऊ लागे. तीन वेगळे शिक्षक: 'ग्रामातिस्तेस' अक्षरे, वाचन आणि काव्य शिकवी, 'किथारिस्तेस' लायर हे तारवाद्य वाजवून गायला, 'पैदोत्रिबेस' आखाड्यात कुस्ती, धावणे, उडी. मुलाला ने-आण करणारा 'पैदागोगोस' हा घरचा गुलाम, बहुधा दुसऱ्या कामाला निरुपयोगी झालेला. अल्किबियाडीसचा पालक पेरिक्लीस याने त्याच्यासाठी नेमलेला झोपिरोस म्हातारपणामुळे कुचकामी होता, असे प्लेटोच्या एका संवादात म्हटले आहे. याच माणसाकडे मुलाची चालचलणूक सोपवलेली असे. झेनोफनचा आक्षेप नेमका यावर होता आणि तो रास्त आहे.

बर्लिनच्या संग्रहालयात दुरिस या चित्रकाराचा एक पेला आहे, इ.स.पू. ४८५ च्या आगेमागे रंगवलेला. त्याच्या बाहेरच्या बाजूंवर शाळा दिसते. एका बाजूला शिक्षक आणि मुलगा समोरासमोर बसून लायर वाजवत आहेत. शेजारी दुसऱ्या शिक्षकाने गुंडाळी उघडून धरली आहे आणि मुलगा अंगवस्त्रात हात गुंडाळून ताठ उभा आहे. गुंडाळीवर स्कामांद्रोस नदीचे नाव असलेली, काव्यदेवतेला उद्देशून केलेली ओळ वाचता येते. पलीकडच्या बाजूला औलोस वाजवणारा तरुण, आणि मांडीवर पाटी घेऊन लेखणी चालवणारा शिक्षक. दोन्हीकडे टोकाला काठी घेतलेला दाढीवाला पैदागोगोस बसून बघतो आहे. एकेका मुलाला एकेक शिक्षक, धडा पाठ म्हणून दाखवायचा, भिंतीवर वाद्ये टांगलेली. वर्गात बाकांच्या रांगा मांडून सामुदायिक शिकवणे अशी कल्पना करू नये.

लिहायची पाटी लाकडाची, मधोमध खोलगट, त्यात मेण भरलेले. लेखणी एका टोकाला अणकुचीदार आणि दुसऱ्याला चपटी, म्हणजे घासून पुन्हा लिहिता येई. आपल्याकडच्या धूळपाटीचाच उपयोग. नवख्या मुलासाठी शिक्षक आधी रेघा आखून देई आणि मुलगा त्यांच्या आधाराने लिही. आधी अक्षरांची नावे क्रमाने, मग जोडून उच्चार: बेता आल्फा बा. बाराखडी घोकलेल्या माणसाला हे लगेच उमजेल. मग शब्द, मग ओळी. अवघड भाग वाचनाचा, कारण शब्दांमध्ये जागा सोडलेली नसे. शब्द कुठे तुटतो हे मोठ्याने म्हटल्याशिवाय कळत नसे, म्हणून वाचन म्हणजे पाठांतरच. सेनापती निकिआस याचा मुलगा निकेरातोस सांगतो की बापाने त्याच्याकडून होमरची दोन्ही महाकाव्ये पाठ करून घेतली आणि ती त्याला अजून संपूर्ण येतात.

राज्य यात किती पडे? सूर्योदयाआधी शाळा उघडू नये आणि सूर्यास्ताआधी बंद करावी, असा सोलोनच्या नावाने चालणारा कायदा होता; अंधारात मुलांशी गैरवर्तन होऊ नये हा त्याचा उद्देश. मुलाला कुठलीच कला किंवा धंदा न शिकवणाऱ्या बापाला म्हातारपणी पोसण्याची सक्ती त्या मुलावर करता येणार नाही, असाही एक. एवढ्यावर राज्य थांबे. शिक्षक नेमणे, पगार देणे, परीक्षा घेणे असे काही नाही. फी महिन्यागणिक असे आणि ती चुकवायच्या युक्त्याही. थिओफ्रास्तोसने रंगवलेला कंजूष माणूस आंथेस्तेरिओन महिन्यात सण फार म्हणून मुलांना महिनाभर शाळेत पाठवतच नाही, म्हणजे त्या महिन्याची फी वाचते. शिक्षकाचा दर्जाही खालचा. वक्ता डेमोस्थेनीस याला भर न्यायालयात आपल्या प्रतिस्पर्ध्याला कमी लेखायचे होते तेव्हा त्याने सुनावले, तू लहानपणी बापाच्या शाळेत शाई कालवलीस, बाकडी पुसलीस आणि खोली झाडलीस.

म्हणून अथेन्समध्ये कोण किती शिकेल हे पैशावर ठरे. श्रीमंतांची मुले सगळ्यांत आधी शाळेत जातात आणि सगळ्यांत शेवटी सोडतात, हे प्लेटो प्रोटागोरासच्या तोंडून सांगतो. त्यापुढे सोफिस्टांची, म्हणजे फी घेऊन वक्तृत्व आणि विचार शिकवणाऱ्या फिरत्या शिक्षकांची, शिकवणी: पारोसचा एवेनोस पाच मिना घेई, म्हणजे ५०० द्राख्मे, आणि त्या काळी कुशल कारागिराची रोजची मजुरी एक द्राख्मा. खालच्या टोकाला, इ.स.पू. ४२४ च्या एका विनोदी नाटकातला सॉसेज विकणारा म्हणतो, अक्षरे येतात, तीही वाईट. अथेन्समध्ये कुणाला हद्दपार करायचे याचे मतदान त्याचे नाव मडक्याच्या खापरावर लिहून होई. अक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या विहिरीत पुढारी थेमिस्तोक्लीसच्या नावाची १९० खापरे सापडली, आणि हस्ताक्षरे निघाली फक्त चौदा. म्हणजे खापरे आधीच लिहून ठेवली होती. सगळे मतदार स्वतः सफाईने लिहीत होते, असे म्हणायला हा पुरावा अडसर आहे.

एक सार्वजनिक शिक्षण मात्र अथेन्सकडे होते आणि ते पुस्तकांत फार कमी येते: वृंदगायन. दिओनिसोस देवाच्या मोठ्या उत्सवात नागरिकांच्या दहा टोळ्यांपैकी प्रत्येक टोळी पन्नास मुलांचा एक वृंद उभा करी, म्हणजे वर्षाला पाचशे मुले. तालमीचा, वेशाचा, शिक्षकाचा खर्च 'खोरेगोस' या नावाने एका श्रीमंत नागरिकावर टाकलेला असे. मुलांच्या वृंदाचा खोरेगोस चाळीशी ओलांडलेला असावा, असा नियम होता. याच नाट्यगृहात युद्धात मेलेल्यांची मुले, राज्याने सांभाळून वयात आणलेली, राज्याने दिलेले चिलखत घालून सगळ्यांपुढे उभी राहत.

मुलींच्या बाबतीत तुलना थेट उलटी होते. स्पार्टाच्या मुली धावत, कुस्ती खेळत, थाळी आणि भाला फेकत, वृंदात नाचत; सुदृढ आईला सुदृढ मूल होते हा त्यामागचा हिशोब. लग्न वयात आल्यावर होई. जमीन त्यांच्या नावावर असे. राजकन्या किनिस्काच्या घोड्यांनी इ.स.पू. ३९६ आणि ३९२ मध्ये ऑलिम्पियात रथशर्यत जिंकली. अथेन्समध्ये झेनोफनच्या एका संवादातला इस्खोमाखोस सांगतो की त्याची बायको घरी आली तेव्हा पंधराचीही नव्हती आणि तिला लोकरीचे काम तेवढे येत होते. घर कसे चालवायचे ते नवऱ्याने शिकवायचे. पण स्पार्टाच्या मुलींना मिळाले ते स्वातंत्र्य राज्याला सैनिक हवे म्हणून, आणि त्या जे घरकाम करत नसत ते हेलॉट बायका करत.

अठराव्या वर्षी अथेन्सचा मुलगा आपल्या 'देमोस'मध्ये, म्हणजे गावठाणात, नोंदला जाई. गावकरी शपथेवर मत देत: वय पुरे आहे का, तो स्वतंत्र आणि कायदेशीर जन्माचा आहे का. इ.स.पू. ४५१ पासून आई-बाप दोघेही अथेन्सचे असावे लागत. बापाकडे जमीन किती, हा प्रश्न यात नाही. आणि इ.स.पू. ३३८ मध्ये खैरोनेइयाला मॅसिडोनियाकडून हार खाल्ल्यावर अथेन्सने जे केले ते बघा. 'एफेबेइया' ही दोन वर्षांची लष्करी तालीम नव्याने बांधली. प्रत्येक टोळीसाठी चाळिशीपुढचा एक 'सोफ्रोनिस्तेस', सगळ्यांवर एक 'कोस्मेतेस'. ढाल-भाल्याची लढाई, धनुष्य, भालाफेक आणि कॅटापुल्ट शिकवणारे पगारी शिक्षक. पहिल्या वर्षी पिरेउस बंदराचा पहारा, मग राज्याकडून ढाल आणि भाला घेऊन सरहद्दीवर गस्त. दर मुलामागे रोज चार ओबोल (सहा ओबोलांचा एक द्राख्मा), ते सोफ्रोनिस्तेसच्या हाती, आणि त्यातून तो टोळीतल्या सगळ्यांचे एकत्र जेवण करी. म्हणजे अथेन्सने शत्रूकडून पंगत उचलली, पण शिध्याचे पैसे राज्याच्या खजिन्यातून दिले.

हा योगायोग नव्हता. न्यायसभेत बसणाऱ्याला आधी दोन आणि मग तीन ओबोल मिळत होते. लोकसभेला हजर राहण्याचेही पैसे इ.स.पू. ४०३ नंतर सुरू झाले. इ.स.पू. ४०३ मध्येच, स्पार्टाशी युद्ध हरून आणि गृहयुद्धातून बाहेर पडून शहर डबघाईला आलेले असताना, फोर्मिसिओसने जमीन असणाऱ्यांनाच नागरिक ठेवण्याचा ठराव मांडला. तो मंजूर झाला असता तर सुमारे ५,००० लोक बाहेर गेले असते. सभेने तो फेटाळला. गुलाम, परके रहिवासी आणि स्त्रिया यांना या सगळ्यात जागा नव्हती हे खरेच, पण ज्यांना होती त्यांची ती गरिबीने गेली नाही.

स्पार्टाचे आकडे याच्या शेजारी ठेवून वाचा. इ.स.पू. ४८० मध्ये हिरोडोटस ८,००० स्पार्टन सांगतो. इ.स.पू. ४२५ मध्ये स्फाक्तेरिया बेटावर जे पकडले गेले त्यांत पूर्ण नागरिक १२० च्या आसपास, आणि तेवढ्यांसाठी स्पार्टा तहाला तयार झाला. इ.स.पू. ३७१ मध्ये लेउक्त्राला थीब्सविरुद्ध ७०० स्पार्टन उतरले आणि ४०० पडले. दोन वर्षांत मेसेनिया स्वतंत्र झाला आणि शिध्याची शेतेच गेली. ॲरिस्टॉटल लिहितो तेव्हा जी जमीन ३०,००० पायदळ पोसू शकली असती तिथे नागरिक हजारही नव्हते. इ.स.पू. तिसऱ्या शतकात राजा चौथा अगिस सुधारणेला उठला तेव्हा स्पार्टन उरले होते सातशे, आणि जमीन होती त्यांतल्या शंभरेकांकडे. तालीम सगळ्यांना सारखी मिळत राहिली असती तरी पंगतीत बसायला माणूस नव्हता.

रोमच्या काळात शिक्षण पुन्हा सुरू झाले तेव्हा त्याचा सगळ्यांत गाजलेला भाग होता आर्तेमिस ओर्थियाच्या वेदीपुढचे फटके. झेनोफनच्या काळी तिथे मुले वेदीवरचे चीज पळवत आणि दुसरी मुले त्यांना चाबकाने अडवत. आता नुसते उभे राहून मार सोसायचा आणि आवाज करायचा नाही. लांबून लोक बघायला येत. इ.स. तिसऱ्या शतकात वेदीभोवती प्रेक्षकांसाठी दगडी बैठकांचे अर्धवर्तुळ बांधले गेले. एउरोतासच्या काठी त्याचा पाया अजून दिसतो.